सतरा मार्चला सासूबाईंना डब्लिनच्या परेडला न्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याच्या एक ताई मार्चमध्ये डब्लिनला धाकट्या दिराकडे येतायत. सोबत नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या माळकरी सासूबाई. सतरा मार्चला इथे सेंट पॅट्रिक्स डे असतो. मुलाला शाळेत पाच मिनिटं बोलायचंय, म्हणून त्याला हवंय की हा संत कोण, त्याने आयर्लंडमधून साप पळवले ते खरं का. नवऱ्याला परेड बघायचीय. आणि दीर म्हणतो, "आईला घरीच राहू दे, तो दारूचा सण आहे."

ताई, मी सोळा वर्षं डब्लिनमध्ये पर्यटकांना शहर दाखवतो. सतरा मार्च म्हणजे आमची दिवाळीही आणि वार्षिक परीक्षाही. दिराचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण अर्धवट आहे. सासूबाईंना न्याच. फक्त कुठे उभं करायचं आणि कधी घरी आणायचं ते खाली सांगतो. आधी मुलाचा प्रश्न, कारण तो जास्त चांगला आहे.

सतरा मार्च ही पॅट्रिकची पुण्यतिथी. ख्रिस्ती संतांचे दिवस बहुधा मृत्यूच्या तारखेलाच असतात, त्यामुळे सासूबाईंना वेगळं काही समजवावं लागणार नाही. तुकाराम बीजही याच सुमाराला येते. २०२५ साली बीज १६ मार्चला होती आणि हा दिवस दुसऱ्याच दिवशी. पॅट्रिक पाचव्या शतकातला, एवढं नक्की. मृत्यूचं साल मात्र जुन्या बखरींत एकीकडे ४६१ आहे, दुसरीकडे ४९३, आणि त्यावरून अभ्यासकांची भांडणं आजही चालू आहेत. आपल्याकडे संतांच्या जन्मसालांवरून होतात तशीच.

पण एका बाबतीत हा माणूस नशीबवान. त्याने स्वतः लिहिलेले दोन लॅटिन मजकूर आपल्याकडे आहेत. एक त्याचं आत्मनिवेदन, ज्याला 'कन्फेसिओ' म्हणतात, आणि दुसरं एक संतापलेलं पत्र. आत्मनिवेदनाची सर्वांत जुनी प्रत 'बुक ऑफ आर्मा' या हस्तलिखितात आहे. ते इसवी सन ८०७ च्या सुमाराला लिहिलं गेलं आणि आज इथल्या, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संग्रहात आहे. मी गटाला नेहमी एकच सांगतो: आधी त्याचं स्वतःचं ऐका, मग लोकांनी त्याच्याबद्दल रचलेलं ऐका. तुकोबांचे अभंग वेगळे आणि महिपतींनी नंतर लिहिलेल्या चरित्रातले चमत्कार वेगळे, तसंच हे.

तर तो काय सांगतो? पहिल्याच वाक्यात तो स्वतःला पापी आणि अगदी गावंढळ म्हणवतो. तो आयरिश नव्हताच. रोमन सत्तेखालच्या ब्रिटनमधला, बऱ्यापैकी सुखवस्तू घरातला मुलगा. बाप कॅल्पॉर्निअस चर्चमधला डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा सेवक, आजोबा धर्मगुरू. तेव्हा लग्न केलेले धर्मगुरू असत. सोळाव्या वर्षी समुद्री लुटारूंनी त्याला हजारो लोकांबरोबर उचललं आणि आयर्लंडला नेऊन गुलाम केलं. सहा वर्षं त्याने जनावरं राखली. बर्फात, गारठ्यात, पावसात दिवसाला शंभर आणि रात्रीही जवळपास तेवढ्याच प्रार्थना म्हणायचो, असं तो लिहितो. घरी असताना देवाधर्माकडे त्याचं मुळीच लक्ष नव्हतं, हेही तोच कबूल करतो.

मग एका रात्री झोपेत आवाज आला: तुझं जहाज तयार आहे. दोनशे मैल चालून तो किनाऱ्याला पोचला. जहाजवाल्यांनी आधी हाकलला, मग घेतला. घरी परतला. आई-वडील म्हणाले, आता तरी कुठे जाऊ नकोस. आणि तिथे त्याला पुन्हा स्वप्न पडलं. व्हिक्टोरिकस नावाचा माणूस ढीगभर पत्रं घेऊन आलाय, त्यातल्या एकावर 'आयरिश लोकांचा आवाज' असं लिहिलंय, आणि पश्चिम समुद्राकाठच्या रानातले लोक एकसुरात विनवतायत: मुला, ये, पुन्हा आमच्यात वावर. ज्यांनी गुलाम केलं त्यांच्याकडेच तो बिशप होऊन परत गेला. तुमच्या मुलाला शाळेत पाच मिनिटं बोलायचं असेल तर एवढंच पुरे आहे. साप लागत नाहीत.

दुसरा मजकूर, ते पत्र, मला जास्त आवडतं. कोरोटिकस नावाच्या ब्रिटनमधल्या सरदाराच्या शिपायांनी पॅट्रिकने नुकताच बाप्तिस्मा दिलेल्या लोकांवर धाड घातली. अंगावर पांढरी वस्त्रं, कपाळावरच्या तेलाचा वास अजून दरवळतोय, अशा अवस्थेत त्यांना कापलं, उरलेल्यांना गुलाम म्हणून विकलं. कोरोटिकस स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होता. पॅट्रिकने त्याच्या शिपायांना उघड बहिष्कृत केलं आणि पकडलेले बायकापुरुष सोडण्याची मागणी केली. गुलामीचा बाजार ज्याने अंगावर भोगला त्याने त्याविरुद्ध लिहिलेलं हे पत्र. त्या काळातला असा दुसरा आवाज सहज सापडत नाही.

आता साप. त्याच्या लिखाणात सापाचा चकार शब्द नाही. आयर्लंडमध्ये साप नाहीत हे खरं, पण ते त्याच्या आधीपासूनच नाहीत. तिसऱ्या शतकातल्या सोलिनस या रोमन लेखकानेच या बेटावर साप नसल्याचं लिहून ठेवलंय. शेवटच्या हिमयुगात इथे सरपटणाऱ्या प्राण्यांना जगणंच शक्य नव्हतं. बर्फ वितळला, समुद्र चढला आणि साप सरकत सरकत यायच्या आत आयर्लंड वेगळं पडलं. शेजारच्या ब्रिटनला तीन जातींचे साप वेळेत मिळाले. आयर्लंडच्या वाट्याला एकच मूळचा सरडा आला, तोही अंडी न घालता पिल्लं देणारा. मुलाला हे आवडेल. सापाची गोष्ट मध्ययुगीन चरित्रकारांनी चिकटवली. बाराव्या शतकातल्या जेराल्ड ऑफ वेल्सलाही ती पटली नव्हती.

आणखी एक गोष्ट बऱ्याच आयरिश माणसांनाही माहीत नसते. पॅट्रिक पहिला नव्हता. ४३१ साली पोप सेलेस्टाइनने पॅलेडिअस नावाचा बिशप 'ख्रिस्तावर श्रद्धा असलेल्या आयरिश लोकांसाठी' पाठवल्याची नोंद आहे. म्हणजे तेव्हाच इथे ख्रिस्ती होते. पॅलेडिअस विस्मरणात गेला, कारण त्याला चरित्रकार मिळाले नाहीत. पॅट्रिकला सातव्या शतकात म्युर्खू आणि टीरेखान मिळाले, आणि त्यांच्या मागे उत्तरेकडच्या आर्मा गावाचं चर्च होतं. सगळ्या आयर्लंडवर आपला मान चालावा, ही आर्माची इच्छा. त्यासाठी पॅट्रिक जितका थोर तितकं बरं. शिवाय औपचारिक अर्थाने कुठल्या पोपने त्याला संत जाहीर केलेलं नाही. त्या काळी तशी पद्धतच नव्हती, लोकच ठरवायचे. आणि राष्ट्राचा संरक्षक म्हणाल तर तो एकटा नाही. ब्रिजिड आणि कोलंबा हेही आहेत. ब्रिजिडच्या नावाची सुट्टी मात्र मिळाली थेट २०२३ साली. बाई होती, थांबावं लागलं, असं आमची एक सहकारी म्हणते.

शॅमरॉक, म्हणजे ते तीन पानांचं हिरवं. ते दाखवून पॅट्रिकने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रिकूट समजावलं अशी कथा आहे. बेलाचं त्रिदळ वाहणाऱ्या सासूबाईंना हे क्षणात कळेल. पण ही कथा लेखी सापडते ती १७२६ साली, केलेब थ्रेल्केल्ड नावाच्या डॉक्टर-वनस्पतितज्ज्ञाच्या पुस्तकात. पॅट्रिकनंतर बाराशेहून जास्त वर्षांनी. गंमत म्हणजे त्याच परिच्छेदात तो तक्रार करतो की या दिवशी लोक टोपीत हे पान खोवतात आणि मग ते 'भिजवायला' म्हणून वाजवीपेक्षा जास्त पितात. तेव्हा दिराला सांगा, त्याची तक्रार तीनशे वर्षं जुनी आहे.

शॅमरॉक ही वनस्पतिशास्त्रात वेगळी अशी जात नाही. 'शॉमरोग' म्हणजे कोवळं क्लोव्हर, एवढाच त्या आयरिश शब्दाचा अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नॅथॅनिएल कोल्गन या अभ्यासकाने लोकांना आवाहन केलं की तुम्ही ज्याला खरा शॅमरॉक मानता ते रोप मुळासकट पाठवा. आलेली रोपं त्याने फुलं येईपर्यंत वाढवली. निघाली मुख्यतः दोन जातींची, पिवळ्या फुलांचं क्लोव्हर आणि पांढऱ्या फुलांचं. आपल्याकडे गाईम्हशींना घालतात त्या बरसीमचे चुलतभाऊ. परदेशांत कुंडीत शॅमरॉक म्हणून विकतात ती बहुतेकदा आंबुशीची भावंडं असतात. आणि कृपा करून चार पानांचं चिन्ह लावू नका. माझ्या पहिल्या वर्षी मी मोठ्या हौशीने चार पानांचा बिल्ला लावून निघालो होतो. घरमालकीणबाईंनी दारातच तो काढून घेतला. "चार पानं नशिबाची. पॅट्रिकची तीन." बाई जास्त बोलत नसत.

रंगाचंही तसंच. १७८३ मध्ये इंग्लंडच्या राजाने आयर्लंडसाठी पॅट्रिकच्या नावाने सरदारांचा मानाचा गट काढला, त्याचा रंग निळा होता. आजही आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांच्या ध्वजावर निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी वीणा आहे. हिरवा हा बंडाचा रंग. सतराव्या शतकातल्या बंडखोरांच्या झेंड्यावर तो आला आणि १७९८ च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावात तो अंगावर घालणं म्हणजे बाजू घेणं झालं. संताचा निळा मागे पडला, बंडाचा हिरवा उरला.

आता ज्यासाठी तुम्ही येताय ती परेड. माझ्या कामातलं सगळ्यांत आवडतं वाक्य मी इथेच टाकतो: ही परेड आयरिश लोकांनी आयर्लंडमध्ये सुरूच केली नाही. १६०१ साली फ्लोरिडात, स्पॅनिशांच्या ताब्यातल्या सेंट ऑगस्टिन गावात पॅट्रिकच्या नावाने मिरवणूक निघाल्याची नोंद आहे. गावात एक आयरिश पाद्री होता. १७३७ मध्ये बॉस्टनच्या आयरिश मंडळींनी हा दिवस साजरा केला, आणि ते बहुतेक प्रोटेस्टंट होते. १७६२ मध्ये न्यूयॉर्कला परेड निघाली ती ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश शिपायांची. म्हणजे ज्या राज्याविरुद्ध पुढे हिरवा रंग उभा राहिला त्याच राज्याच्या पलटणीतली. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. अमेरिकेत त्यांना नोकऱ्या नाकारल्या जायच्या. अशा वेळी वर्षातून एकदा रस्त्याच्या मधोमध चालणं म्हणजे 'आम्ही इथे आहोत आणि आमची मतं मोजा' असं सांगणं होतं. डब्लिनला तसं सांगायची गरज नव्हती. इथे त्या दिवशी सकाळी लोक चर्चला जात, मुली केसांना हिरव्या फिती लावत आणि दुपारी जेवण.

जेवणाचाही एक कोपरा आहे. सतरा मार्च हा ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या काळात येतो, पण त्या एका दिवशी उपास शिथिल. मुलं चाळीस दिवस गोळ्याचॉकलेटं सोडतात, त्यांना या दिवशी खायला मुभा. पण तारीख ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात आली तर चर्च सण पुढेमागे सरकवतं. २००८ मध्ये सरकवला होता, परेड मात्र सतरालाच निघाली. आता असा योग २१६० सालापर्यंत नाही, तेव्हा निश्चिंत असा. अमेरिकेत या दिवशी खारवलेलं गोमांस आणि कोबी खातात. ते आयरिश नाही, न्यूयॉर्कमधल्या ज्यू खाटकांकडून घेऊन तिथल्या आयरिश कुटुंबांनी रुळवलेलं. इथे डुकराचं मांस आणि कोबी. सासूबाईंसाठी सोडा ब्रेड आणि लोणी घालून घोटलेला बटाटा-कोबी, ज्याला 'कोलकॅनन' म्हणतात. कांदा घातलाय का तेवढं विचारून घ्या.

सार्वजनिक सुट्टी झाली १९०३ मध्ये, जेम्स ओ'मारा या खासदाराने आणलेल्या कायद्याने. स्वतंत्र आयर्लंडने १९२७ मध्ये या दिवशी दारूचे गुत्ते बंद ठेवायचा कायदा केला आणि तो १९६० पर्यंत टिकला. म्हणजे आज ज्याला 'दारूचा सण' म्हणतात तो आयर्लंडमध्ये तीसहून जास्त वर्षं कोरडा दिवस होता! डब्लिनमध्ये कायद्याने प्यायला मिळे ते मुख्यतः बॉल्सब्रिजच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात, कारण तिथल्या बारला सूट होती. त्या दिवशी शहरात श्वानप्रेमाला कसा बहर यायचा, हे इथले म्हातारे अजून हसत सांगतात.

सरकारी परेड १९३१ ची, लष्करी. पन्नाशीच्या दशकात तिच्यात कारखान्यांचे चित्ररथ आले. ट्रॅक्टर, साबण, बिस्किटं, सगळं रस्त्यावरून जायचं. पुढे अमेरिकी शाळांची बँडपथकं येऊ लागली, गुडघ्यापर्यंत उघडी, गारठ्याने निळी. १९९५ मध्ये सरकारने महोत्सव उभा केला आणि १९९६ पासून आज दिसतं ते रूप आलं. थोडक्यात, परदेशी गेलेल्यांनी जे घडवलं ते सत्तर वर्षांपूर्वीपासून हप्त्याहप्त्याने घरी आलं. शिकागोत १९६२ पासून नदी हिरवी करतात. प्लंबरांच्या संघटनेने गळती शोधायचा रंग वापरून ते सुरू केलं. पूड नारिंगी असते, पाण्यात पडली की हिरवी होते. पहिल्या वर्षी नदी आठवडाभर हिरवीच राहिली.

कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्सेरात बेटावरही या दिवशी सुट्टी असते, पण कारण वेगळं. १७६८ साली तिथल्या आफ्रिकी गुलामांनी सतरा मार्चलाच उठावाचा बेत आखला होता. मालकांत बरेच आयरिश होते आणि ते त्या दिवशी पिऊन पडतील, हा हिशेब. बेत फुटला आणि पुढाऱ्यांना फासावर चढवलं. गुलाम म्हणून राबलेल्या संताच्या दिवशी त्याचं नाव लावणाऱ्यांच्या गुलामांचं हे बंड. माझ्या गटात ही गोष्ट सांगितली की हिरव्या टोप्या क्षणभर गप्प होतात.

आपल्याशी नातं विचाराल तर दोन गोष्टी आहेत. पुण्यात एम्प्रेस गार्डनजवळचं सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल. ब्रिटिश छावणीतल्या आयरिश कॅथलिक शिपायांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ते उभं राहिलं, म्हणून कॅम्पात हा संत. आणि आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर. वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. १९५२ पासून आयर्लंडकडून अमेरिकेच्या अध्यक्षांना शॅमरॉक भेट जातो. आता पंतप्रधान स्वतः व्हाइट हाउसमध्ये जाऊन तो स्फटिकाच्या भांड्यातून देतात. तो मान मालवणी आडनावाच्या माणसाने बजावला, आणि २०२४ मध्ये परतल्यावर तीनच दिवसांत राजीनामा जाहीर केला. सासूबाई कोकणातल्या असतील तर ही गोष्ट आधी सांगा. परेडला जायला स्वतःच तयार होतील.

आता व्यवहाराचं. परेड दुपारी बाराला पार्नेल स्क्वेअरजवळून निघते, ओ'कॉनेल स्ट्रीटने नदी ओलांडते, ट्रिनिटी कॉलेजपाशी वळते आणि पुढे सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलच्या बाजूने जाते. ओ'कॉनेल स्ट्रीटवर दहाच्या आधी पोचला नाहीत तर मुलाला फक्त पाठी दिसतील. सासूबाईंसाठी मार्गाच्या शेवटच्या टप्प्यात, कॅथेड्रलच्या आसपास जागा धरा. परेड तिथे उशिरा पोचते, गर्दी थोडी विरळ असते. जमलं तर पैसे भरून बसायच्या जागा घ्या, बहात्तराव्या वर्षी दोन तास उभं राहणं म्हणजे शिक्षाच. मध्यवस्तीतली ट्राम त्या वेळी बंद असते, तेव्हा चालावं लागेल. थंडी आठ-दहा अंशांची, पण वारा झोंबतो. स्वेटरवर रेनकोट, डोक्याला घट्ट बसणारी टोपी. छत्री नेऊ नका, मागचे शिव्या देतात.

परेड संपली की तीनच्या आत घरी परता. टेंपल बार भागाकडे त्या दिवशी फिरकू नका. दिराचा 'दारूचा सण' तिथे दुपारनंतर सुरू होतो. नवऱ्याला गिनेसची, म्हणजे इथल्या काळ्या बिअरची, हौस असेल तर सोळाला संध्याकाळी घ्यावी, भाव तोच, बसायला खुर्ची मिळते. आणि कुणाला शुभेच्छा देताना 'पॅटीज डे' म्हणू नका. पॅटी म्हणजे पॅट्रिशिया. आयरिशमधल्या पॉड्रिगचं लाडकं रूप 'पॅडी'.

दारूपासून लांब, गावातली परेड बघायची असेल तर दिराला विचारा, उपनगरांत आणि छोट्या गावांत त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी निघतात. अग्निशामक बंब, शाळेची मुलं, ट्रॅक्टर, आणि हल्ली भारतीय मंडळींचा नाच. माझ्या मते तीच खरी.

आणि एक दिवस हाताशी असेल तर सासूबाईंना किल्डेअर स्ट्रीटच्या राष्ट्रीय संग्रहालयात न्या. प्रवेश फुकट आहे. तिथे परंपरेने पॅट्रिकची मानलेली घंटा आहे. लोखंडी पत्रा वाकवून खिळे मारलेली, वर काशाचा मुलामा दिलेली, आपल्या गाईच्या गळ्यातली वाटावी अशी. शेजारी तिच्यासाठी ११०० च्या सुमाराला घडवलेली सोन्याचांदीची पेटी. बहुतेक लोक पेटीचे फोटो काढतात. सासूबाई कशापाशी थांबतात ते मला जरूर कळवा.